घसरगुंडीच्या माथ्यावर

दर मे महिन्यात पोरांना समुद्रावर न्यायचं ठरतं आणि दमूनभागून आम्ही शहापूरच्या वॉटर पार्कपर्यंतच पोचतो. तिथल्या सगळ्यांत उंच घसरगुंडीच्या माथ्यावर हा माणूस उभा असतो. मुरबाडकडचा, पन्नाशीचा, नाव मी कधी विचारलं नाही. दिवसभर तेच एक वाक्य, थकलेल्या आवाजात: “हात छातीवर, पाय जोडून, जा.” बोलताना तो कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो.

यंदा माझी मुलगी वर पोचली आणि जागीच थिजली. मागची रांग ओरडायला लागली. उन्हानं वैतागलेला मीही म्हणालो, “जा ना गं, किती वेळ!”

त्यानं तिच्या पायांकडे बघितलं आणि शिट्टी फुंकली. “पानी कमी झालंय, स्लाइड बंद! सगळे खाली उतरा.”

आमच्या पुढ्यात पाणी धो धो वाहत होतं. रांग कुरकुरत जिना उतरली. तिच्यात मिसळून माझी मुलगीही ताठ मानेनं उतरली.

त्याचे आभार मानायला मी मागे रेंगाळलो. त्यानं माझ्या पायांकडे नजर टाकली.

“तुमीपन जिन्यानंच जा, साहेब. दर वर्सी जाता तसं.”