लूमशेजारची सुई

मंगळवारी सकाळी भाऊजी गेले.

सुईसाठी संसार मांडणारा असा माणूस आमच्या टेमघर गावात दुसरा झाला नाही. माझ्या ताईचे हे यजमान टंगस्टनच्या सुईला गॅलियम नावाच्या धातूचा पातळ लेप देत. निर्वात नळीत तिला जबर व्होल्टेज दिले की टोकावरचा द्रव धातू ताणला जातो आणि त्यातून आयन सुटतात; त्या झोताने प्रयोगशाळांतली यंत्रे चिपवर कोरीवकाम करतात. इतके नाजूक काम त्यांनी मांडले कुठे, तर कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याला लागून, जिथे बशीतला चहासुद्धा थरथरतो. मी विचारले तर म्हणाले, "इथे जी टिकेल ती कुठेही टिकेल. असा परीक्षक फुकटात कुठे मिळतो रे?"

गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतो. एकदा त्याचा थेंब बाहीवरून घरी आला आणि ताईचा कुकर दुसऱ्या दिवशी बिस्किटासारखा मोडला. तेव्हापासून ते लग्नाच्या पंगतीतही वाढप्याला विचारत, "पातेलं स्टीलचं ना?" एक वाढपी वैतागून म्हणाला, "काका, भात वाढू की पातेलं?" हे आठवून मला अजून हसू येते, आणि दुखवट्याच्या घरात हसू आल्याची लाज वाटते.

शेवटची सुई अखंड चालू ठेवण्याची चाचणी खंड न पडता पुरी झाली, तर एक प्रयोगशाळा ती घेणार होती. थोडेच दिवस उरले होते.

आमच्याकडे कोणी गेले की शेजारी लूम बंद ठेवतात. कारखान्याचे मालक चाचा स्वतः धावले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. भाऊजींच्या खोलीची वीज त्याच स्विचवर होती. आम्ही स्मशानातून परतेपर्यंत सुईला आधार म्हणून जोडलेली बॅटरीही संपली.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या शोकसभेला, चाचा आले. ताईसमोर बसून म्हणाले, "बेटा, साब के लिए पूरा कारखाना बंद रखा. एक धागा नहीं चला."

चाचणी मोडली, हे सांगायला मी तोंड उघडलेच होते. ताईला सगळे ठाऊक होते. तिने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. "बरं केलंत, चाचा. त्यांचा मान राखलात."

चाचांचे डोळे भरले. मी मान खाली घातली. एवढी पुस्तके वाचून त्या घटकेला मला एका म्हाताऱ्याची चूक तेवढी दिसली होती.

सुई अजून नळीतच आहे. ती पुन्हा चालू करायला आमच्यापैकी कोणालाच येत नाही.