वादळ, खांब आणि वानखडे काका

वादळात तुटलेल्या तारा आम्ही गुंडाळून स्टोअरला जमा करतो. मोडलेल्या खांबांची यादी होते. पण त्या वेळी लोक जे बोलतात ते कुठं जमा करायचं, याचा नियम अजून निघालेला नाही. म्हणून ते माझ्याजवळच साठत गेलं!

मी जळगाव जामोद तालुक्यातल्या एका वीज ऑफिसात तंत्रज्ञ आहे. साध्या भाषेत लाईनमन, फक्त बाई. आमच्याकडे दोन माणसं महत्त्वाची. एक वानखडे काका, सगळ्यात जुने लाईनमन. दुसरे आमचे इंजिनिअर साहेब. साताऱ्याकडचे, तरुण, हुशार, आणि प्रत्येक कामाचा फोटो काढणारे.

एका मे महिन्यात वादळानं आमची अख्खी एक लाईन आडवी केली. मग वरून आदेश आला. जुने खांब काढा, मजबूत खांब खोल गाडा, उघड्या तारेच्या जागी कव्हरवाली तार ओढा. वर्षभर आम्ही तेच केलं.

* * *

लाईन आडवी झाली त्या दुपारी फोनवर मी बसले होते. एका गावाहून एक काका तिसऱ्यांदा बोलत होते.

"मॅडम, लाईट कवा येईन?"

"काका, तुमच्याकडं येणारे वीस-बावीस खांब पडले आहेत."

"ते मी पाह्यले ना जी. माह्याच वावरात पडले."

"मग उभे करायला वेळ लागेल ना!"

"खांबाचं तुमी तुमच्या सवडीनं करा. मी लाईटचं इचारून राह्यलो!"

* * *

नवीन खांब कुठं उभा करायचा, हा प्रश्न वादळापेक्षा अवघड. दोन भावांची शेजारी-शेजारी वावरं, म्हणजे शेतं, होती आणि खांब दोघांनाही नको होता. साहेबांनी मोबाईलवर नकाशा काढला, टेप लावली आणि खांब बरोबर मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घेतला. दोघांनी मान डोलावली. साहेबांनी फोटो काढला.

आठवड्यानं धाकटा भाऊ ऑफिसात हजर.

"साहेब, खांब धुऱ्यावर हाय, कबूल. पण सावली माह्याच वावरात पडते!"

साहेब हसले. "अहो, सूर्य फिरतो. सावली कधी तुमच्याकडे, कधी त्यांच्याकडे."

"सकाळी माह्याकडं, दुपारी माह्याकडं, संध्याकाळीबी माह्याकडं. चला, दाखवतो!"

दिवस हिवाळ्याचे होते. साहेब खरंच गेले आणि जेवणाचा डबा तिथंच उघडून दिवसभर बसले. संध्याकाळी परत आले.

काकांनी विचारलं, "काय झालं साहेब?"

"वानखडे, त्याचं वावर उत्तरेला आहे आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला," साहेब म्हणाले. "माणूस बरोबर बोलतोय!"

* * *

मी पहिल्यांदा भरगावात खांबावर चढले, त्या दिवशी निम्मं गाव खाली जमा. कोणी तार पाहत नव्हतं, सगळे मलाच पाहत होते. एका आजींना राहवेना.

"काऊन वं माय, घरी मानूस नाही काय तुह्या?"

"हाय ना आजी!"

"मंग त्याले पाठवाचं ना वर!"

"तो घाबरते!"

आजींनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "हाव, आमचाबी तसाच होता."

* * *

कव्हरवाल्या तारेची माहिती द्यायला साहेबांनी ग्रामपंचायतीत सभा घेतली. तारेचा तुकडा सगळ्यांच्या हातात फिरवला. वारा सुटला, दोन तारा एकमेकींवर आपटल्या, तरी ठिणगी नाही. फांदी टेकली तरी लाईट जाणार नाही. साहेब रंगात आले होते.

"काही शंका?"

मागून एक गृहस्थ उठले. चेहरा खरोखर काळजीचा.

"साहेब, तारेले वरून असं रबर राह्यलं, त मंग आकडा कुठी टाकाचा?"

सगळी सभा हसली. सरपंच तेवढे हसले नाहीत. ते उत्तराची वाट पाहत होते!

* * *

पुढच्या उन्हाळ्यात वादळाची रंगीत तालीम ठरली. एका मंगळवारी 'वादळ आलं' असं समजायचं, लाईनमननी ठरल्या जागेवरून फोन करायचा आणि साहेबांनी घड्याळ लावून पुढचे हुकूम द्यायचे.

त्याच मंगळवारी खरंच वारं सुटलं. अकरा वाजता काकांचा फोन आला.

"साहेब, खांब पडला!"

"शाब्बास, वेळेत कळवलंत! कुठला पडला असं समजायचं?"

"समजाचं काही नाही साहेब. बाजारातला जुना खांब. माह्या गाडीवर पडला!"

* * *

आणि मग जून लागायच्या आधी खरं वादळ आलं. आदल्या वर्षीइतकंच मोठं.

त्या दुपारी आम्ही तिघं ऑफिसात फोनकडे पाहत बसलो होतो. वारा थांबला. पाऊस थांबला. फोन वाजेना. शेवटी काकांनीच एकेका गावाला फोन लावला. "लाईट हाय ना? खांब उभे हायेत ना?" सगळीकडून "हाव". साहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. काका नुसते हसत होते.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा, म्हणजे वानखडे काकांच्या बायकोचा. मी स्पीकरवर टाकला.

काकांनी घाईनं विचारलं, "तार तुटली काय वं?"

"नाही."

"खांब?"

"उभा हाय."

"लाईट?"

"चालू हाय. टीव्हीबी चालू हाय."

"मंग फोन काऊन केला?"

"घरावरची टिनं उडाली. टीव्ही पाह्यता पाह्यता वर आभाय दिसाले लागलं!"

काकांचा चेहरा उतरला. "तुले लागलं काय?" असं विचारत ते उभेच राहिले. काकू शेजारणीच्या स्लॅबच्या घरात सुखरूप होत्या, टीव्ही उचलून सोबत नेला होता आणि तिथं लावलाही होता. आम्ही तिघं दोन गाड्यांवर तसेच निघालो.

दारासमोरचा खांब केसभर हलला नव्हता. काकांनीच गाडलेला. त्याच्या मागं नुसत्या चार भिंती. काका सवयीनं आधी खांबाकडं पाहू लागले.

"पाहा, पाहा, खांबच पाहा!" काकू कडाडल्या. "उन्हाळाभर सांगून राह्यली, टिनं पक्की करा. त म्हणे, खांबाचं काम होऊ दे. त्या खांबाले वाऱ्यात पडू नये म्हणून तिरपी तार बांधता ना जमिनीत? मंग माह्या घरानं काय पाप केलं?"

साहेबांनी चष्मा पुसला.

पुढच्या रविवारी मी जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याकडं गेले. नवी टिनं चढली होती. घराच्या चारही कोपऱ्यांवरून बाजारातून आणलेली जाड तार तिरपी उतरून जमिनीत गाडली होती, अगदी खांबाला बांधतो तशी. काका चौथी तार आवळत होते. आमचे साहेब, सुट्टीच्या दिवशी, गुडघ्यावर बसून ती बोटानं वाजवून पाहत होते.

"वानखडे, अजून थोडी ओढा."

"साहेब, आता ओढली त घरच वाकीन!"

आणि पहिल्या तीन तारांवर काकू धुणं वाळत घालत होत्या.