लमदुआनताईंच्या तीन टिकल्या

मुन नदीकाठच्या आमच्या इस्पितळात लमदुआनताई बावीस वर्षं एकाच टेबलावर बसल्या. रुग्णाच्या रक्तात जंतू वाढतात का ते पाहायचं, वाढले तर ते कशाने मरतात ते शोधायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली नवीनच लागले होते, तेव्हाची ही गोष्ट.

भातलावणीच्या दिवसांत खमपून नावाची बाई तापाने फणफणून आली. तिला मधुमेह होता. चार दिवस जेंटामायसिन देऊनही ताप हटेना, ती ग्लानीत गेली. तिच्या रक्ताच्या नमुन्यात जंतू वाढले, तसे वॉर्डातले डॉक्टर थनित फोनवर म्हणाले, “रक्ताच्या बाटलीत बाहेरून काहीतरी शिरलं असेल. फेकून द्या.”

ताईंनी फोन आपटला. “फेकून द्या म्हणे! महिनाभर गुडघाभर चिखलात उभी होती ती. हा पाहुणा चिखलातलाच असणार.”

त्यांनी जंतू वाढवायच्या बशीतल्या घट्ट खळीवर ते जंतू पसरले आणि वर औषधात भिजवलेल्या तीन कागदी टिकल्या ठेवल्या. जंतू ज्या औषधाला घाबरतात, त्याच्या टिकलीभोवती वाढत नाहीत. तिथे मोकळं वर्तुळ दिसतं.

सकाळी मी चिकट भाताचा पहिला घास घेते तोच आतून हाक आली. “नोई! ठेव तो भात, धावत ये!”

जेंटामायसिनच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. कोलिस्टिनचीही तीच गत. तिसऱ्या, अमॉक्सिक्लॅव्हच्या टिकलीभोवती मात्र मोठं, स्वच्छ वर्तुळ! ताई वॉर्डात पळाल्या आणि डॉक्टरांना अक्षरशः बाहीला धरून घेऊन आल्या.

“बघा, पहिल्या दोघींना हा भीक घालत नाही, तिसरीपुढे नांगी टाकतो. चिखलातला तो जंतू असाच वागतो.”

“नक्की तोच?”

“पक्कं सांगायला दोन दिवस लागतील. तोवर खमपून टिकेल का, ते तुम्ही सांगा.”

डॉक्टर बशी पाहून तसेच वळले आणि जिन्यातूनच ओरडले, “सिस्टर, चिखलातल्या जंतूवरचं इंजेक्शन, सेफ्टाझिडिम काढा, आत्ता!”

दोन दिवसांनी ताईंचा अंदाज खरा ठरला. नवं औषध सुरू झाल्यापासून नवव्या दिवशी खमपूनचा ताप उतरला. शुद्धीवर येताच तिने विचारलं, “माझी लावणी कोणी उरकली?” नर्स हसत सुटली.

त्यानंतर डॉक्टर थनित रोज सकाळी स्वतःच आमच्याकडे येऊ लागले. “ताई, आज काय म्हणतायत तुमचे पाहुणे?”

ताई खुर्ची पुढे सरकवायच्या. “बसा. आधी बघा, मग बोला.”