तीन पाण्यांनी धुतलेला ड्रम

माझं औषधांचं दुकान आहे. माणसांच्या नव्हे, पिकांच्या. शेतकीचा डिप्लोमा फ्रेम करून मी गल्ल्याच्या मागे टांगलाय, त्यामुळे पणदऱ्यातले लोक मला सल्ला विचारतात, आणि जे विचारत नाहीत त्यांनाही मी देतो. स्वभावच तसा. माझा सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे, तणनाशक मारलेला पंप तीन पाण्यांनी धुवा. पहिलं साधं पाणी, दुसरं धुण्याच्या सोड्याचं, तिसरं परत साधं. नुसता ड्रम नाही, पाईप आणि फवारायची गनसुद्धा. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की काही गिऱ्हाइकं दुकानाची पायरी चढतानाच तीन बोटं वर करून दाखवतात, म्हणजे मी गप्प बसावं.

तर अशा माणसाच्या बहिणीची हळद होती.

मे महिना. लग्न घरासमोरच्या मोकळ्या जागेत, आणि मांडवाला लागूनच आमचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस. हळदीच्या आदल्या दिवशी माझं उसाकडे लक्ष गेलं आणि माझा जीव खालीवर झाला. माठ, घोळ, चांदवेल यांची अशी दाटी झाली होती की ऊस पाहुण्यासारखा कडेला उभा होता. उद्या सगळे सोयरे येणार आणि म्हणणार, दुकानदाराच्याच उसात तण. एका दिवसात तण मरत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही मी ट्रॅक्टरवर दोनशे लिटरचा निळा ड्रम चढवला, फवारणीचा पंप जोडला, टू-फोर-डी हे तणनाशक कालवलं आणि मांडवाच्या कडेच्या दहा सऱ्या मारून काढल्या. दिसायला तरी काहीतरी केल्यासारखं दिसावं.

धुवायला घेतलं आणि मांडववाल्याचा फोन आला. खांब कमी पडले होते. मी ड्रममध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, खळखळ केली, आडवा करून उपडा केला आणि गेलो. पाईप गुंडाळलेला होता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिडीवर चढून झालर बांधत होतो. वडील शिडीखाली आले. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं म्हणून आम्हीही तात्याच म्हणतो.

"ड्रम धुतलाय न्हवं?"

"धुतलाय की."

"तीन पाण्यानं?"

"व्हय."

मला वाटलं, धूळ बसवायला अंगणात पाणी मारायचं असेल. अंगणाचं काय बिघडणार होतं? तोंडात खिळे असताना माणूस फार विचार करून उत्तर देत नाही.

निमगाव केतकीहून, म्हणजे नवऱ्यामुलाच्या घरून, उष्टी हळद आली. आमच्याकडे आधी नवऱ्याला हळद लावतात आणि त्याच्या अंगाला लागलेल्यातली उरलेली वाटी नवरीसाठी पाठवतात. बायकांनी बहिणीला हळद लावली, गाणी म्हटली, मग डीजे सुरू झाला आणि बहिणीसकट चाळीस-पन्नास माणसं नाचायला उतरली. सगळ्यात पुढे आमची आत्या. कऱ्हाटीला दिलेली, वय पासष्टच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले. पण डीजे लागला की गुडघ्यांना कोण विचारतो? आत्याची एक सवय आहे. ती तोंड उघडं ठेवून, मान वर करून नाचते. हसते कधी आणि धाप लागते कधी ते कळत नाही.

तेवढ्यात तात्या ट्रॅक्टर घेऊन मांडवाच्या तोंडाशी आले. हातात गन. कुठल्याशा लग्नात त्यांनी पाहिलं होतं म्हणे, नाचणाऱ्यांवर फवारणीच्या पंपाने पाणी उडवतात. उन्हाच्या तावात लोकांना गार वाटतं. तात्यांनी पंप चालू केला आणि गन वर धरली. बारीक तुषार उडाले, त्यात इंद्रधनुष्यसुद्धा दिसलं. लोक ओरडले, शिट्ट्या वाजल्या. आत्या सरळ फवाऱ्याखाली जाऊन उभी राहिली, आ करून.

मी अजून शिडीवरच होतो. वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिच्याबरोबर दवाखान्याच्या फरशीसारखा वास आला. तो वास मी झोपेतही ओळखेन.

मग माझ्या डिप्लोमाने एकदम काम सुरू केलं. ड्रममध्ये आज स्वच्छ पाणी भरलं असेल, पण पाईपमध्ये कालचंच औषध भरलेलं होतं. म्हणजे पहिला फवारा पाण्याचा नव्हताच. उसाला मारलं तेच, त्याच मापाचं. आणि तो पहिला फवारा आत्याच्या तोंडात आणि माझ्या बहिणीच्या डोक्यावर गेला होता, जिचं उद्या लग्न होतं. डोळ्यात गेलं तर काय होतं ते औषधाच्या पत्रकावर लिहिलेलं असतं. ते पत्रक मी रोज लोकांच्या हातात देतो.

मी शिडीवरून जवळजवळ पडलोच. ओरडलो, पण डीजेपुढे माझं कोण ऐकणार? पळत जाऊन जनरेटर बंद केला. सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी म्हणालं, "नवरीचा भाऊ लय घिऊन आलाय वाटतं." तात्या रागाने लाल. आता खरं सांगायची वेळ होती. समोर निम्मी माझी गिऱ्हाइकं होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो,

"ड्रममधी साप हाय!"

का म्हणालो, देव जाणे. पण म्हणालो.

बायका किंचाळत मागे सरल्या. इथपर्यंत बेत बरा चालला होता. पण आमच्या लोकांना साप दिसला की पळायचं नसतं, साप बघायचा असतो. तीन जण काठ्या घेऊन पुढे आले. कोणता साप यावर वाद लागला. एक जण म्हणाला, पाण्यातला दिवड असेल, त्याला विष नसतं, चालू द्या नाच. दुसरा ड्रमवर चढला आणि झाकणाच्या जागेतून आत डोकं घालून बघायला लागला. चांगला मानेपर्यंत आत. आतून घुमल्यासारखा आवाज आला, "काय बी दिसत न्हाय, पण वास लय मारतोय."

आता मात्र मला रडू यायचं बाकी होतं. मी बहिणीजवळ गेलो. ती डोळे चोळत होती. हळदीने माखलेले हात आणि लाल डोळे. मी तिच्या कानात सगळं सांगितलं. उसाचं, पाईपचं, मांडववाल्याच्या फोनचं. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग डीजेवाल्याच्या हातातला माईक घेतला.

"साप न्हाय," तिचा आवाज चौकापर्यंत गेला असेल. "दादानं ड्रम धुतलाच न्हाय. त्यात तणाचं औषध हुतं. डोळं चोळू नका. समद्यांनी साबण लावून अंघोळी करा, कापडं बदला. आधी आत्याची चूळ भरून घ्या."

पुढचा तासभर माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा आणि सगळ्यात मजेशीर तास होता. विहिरीवरची मोटार चालू केली. पुरुष पाईपच्या तोंडाखाली रांगेने बसले, साबणाच्या वड्या एकमेकांकडे फेकत. बायकांसाठी घरामागे साड्यांचे पडदे लावले. प्रत्येक जण अंघोळ करून माझ्यासमोरून जाताना थांबायचा, तीन बोटं वर करायचा आणि विचारायचा, "एकच पाणी घेतलंय, दोन राह्यल्यात. चालंल का?" ड्रममध्ये डोकं घातलेल्या पाहुण्याने खरंच तीनदा अंघोळ केली. मी डोळ्यात पाणी मारून घ्या, कपडे वेगळे ठेवा असं ओरडत फिरत होतो आणि पहिल्यांदाच लोक माझं मुकाट्याने ऐकत होते. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बहिणीचे डोळे बराच वेळ धुतले, थेंब दिले. आत्याला विचारलं, पोटात गेलंय का? आत्या म्हणाली, "चव जरा कडू हुती. मला वाटलं, डीजेवाल्याचं अत्तर आसंल."

नंतर नवा घोळ उभा राहिला. नवरीच्या अंगाची हळद धुतली गेली होती. वाटीतली उरलेली फवाऱ्याखाली उघडीच पडली होती, तीही ओतून दिली. आता उष्टी हळद आणायची कुठून? घरची लावावी तर ती उष्टी नाही. बायकांची सभा बसली. एकीचं म्हणणं, एकदा लागली म्हणजे लागली. दुसरीचं, धुतली म्हणजे लागलीच नाही. शेवटी आत्याने ओल्या केसांनी निकाल दिला.

"ज्यानं धुवायला लावली, त्योच आणंल."

मी मोटारसायकल काढली आणि उतरत्या उन्हात निमगाव केतकीला गेलो. वाटेत मी नवी थाप जुळवत होतो. वाटी सांडली म्हणावं. मांजराने पाडली म्हणावं. पण व्याह्यांच्या दारात उतरलो तेव्हा साप आठवला आणि सरळ सगळं सांगून टाकलं. लग्न मोडलं तर माझ्यामुळे मोडेल, हे मनात ठेवूनच सांगितलं. होणारे व्याही डाळिंबवाले, जुने शेतकरी. त्यांनी ऐकून घेतलं. पहिला प्रश्न विचारला, "पोरीचं डोळं बरं हायती का?" मी हो म्हणालो. मग त्यांनी नवऱ्यामुलाला पाटावर पुन्हा बसवलं, हळद लावली, वाटी भरली आणि माझ्या हातात देताना म्हणाले,

"वाटी धुतल्याली हाय. तीन पाण्यानं."

लग्न व्यवस्थित झालं. बहिणीचे डोळे सकाळपर्यंत निवळले. कुणाला पुरळ आलं नाही, कुणाला उलटी झाली नाही. लोक जेवले, गेले, आणि जाताना मलाच हसले. बघ, काय झालं? काहीच नाही. उगाच नाच बंद पाडलास. तात्या तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. कदाचित पाईपमध्ये फारसं नसेलच. कदाचित दोन बादल्यांनी धुतला गेला असेल. दुकानात कुणी चिडवलं की मीही म्हणायचो, "आरं, थोडं जास्तच घाबरलो मी."

पंधरा दिवसांनी बहीण मांडवपरतणीला आली. चहा झाला आणि ती सहज अंगणात गेली. जिथे लोक नाचले होते तिथे कडेला आईचा दुधीभोपळ्याचा वेल होता, पलीकडे भेंडीची दहाबारा झाडं. तिने हाक मारली. आई आणि मी गेलो.

वेलाचे शेंडे वळून गुंडाळलेले होते. पानं अरुंद, द्रोणासारखी आत दुमडलेली. भेंडीची देठं वेडीवाकडी, पिळलेली. मी दुकानात लोकांना मोबाइलवर असेच फोटो दाखवतो आणि म्हणतो, हे बघा, पंप न धुतल्यावर असं होतं. उसाकडून वारा आला असेल म्हणावं, तर उसाच्या अगदी जवळचा कडीपत्ता आणि मिरची हिरवीगार होती. वाकडं झालं होतं ते फक्त जिथे फवारा पडला तिथलं.

बहिणीने एक पान खुडलं, तळहातावर ठेवलं आणि बघत राहिली. कुणी चिडवलं नाही. आईने वेल मुळापासून उपटला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं,

"आन आत्याच्या तोंडात किती गेलं आसंल रं?"

डिप्लोमात झाडांना काय होतं ते शिकवलं होतं. पासष्टीच्या बाईच्या पोटात एक घोट गेला तर पुढे काय, हे मला माहीत नव्हतं, आणि अजूनही नाही. लाजेपेक्षा मोठं असं काहीतरी त्या क्षणी मला वाटलं. भीती वाटली, आणि ती गेलेली नाही.

त्याच संध्याकाळी मी कऱ्हाटीला फोन लावला. आत्याने उचलला.

"बरी हायस न्हवं?"

"मला काय धाड भरलीया? का रं?"

"काय न्हाय. सहज."

निळ्या ड्रमवर मी लाल रंगाने 'फक्त तणनाशक' असं लिहिलंय, आणि इतर फवारणीला दुसरा पंप आणलाय. पण फोन काही सुटला नाही. दर महिन्याला करतो. पोट बरं आहे का, जेवण जातं का, डोळ्यांना दिसतं का, सगळं विचारतो. आत्या अजून ठणठणीत आहे, परवाच एका हळदीत नाचून आली. आणि कऱ्हाटीत सगळ्यांना सांगत फिरते की भाचा असावा तर असा, सख्खी पोरं विचारत नाहीत एवढं विचारतो.