वर गुलमंडी हाय का?

नवी टॉर्च हातात आली की कदम मॅडम आधी लोकरीचे जाडजूड हातमोजे चढवायच्या, मग डोळे मिटायच्या आणि मगच बटण शोधायच्या. तेही भर मे महिन्यात, वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये! पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय.

आमच्या कारखान्यात सैन्यासाठी टॉर्च बनतात. मॅडम तपासणीच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. मूळच्या वैजापूरच्या, आवाज खणखणीत, भीडभाड कशाशी खातात ते ठाऊक नाही. त्यांचे यजमान फौजेत होते, बर्फातल्या चौकीवर राहून आलेले. तिथं रात्रीच्या अंधारात चाचपडूनच बटण शोधावं लागतं आणि हातमोजा काढला की बोटं कामातून जातात, हे मॅडमनी त्यांच्याकडूनच ऐकलेलं.

"बाजारातली टॉर्च बिघडली तर माणूस शहरात गुलमंडीवरच्या दुकानात जाऊन दुसरी आणतो. वर चौकीवर गुलमंडी हाय का?" हा प्रश्न त्या ऊठसूट विचारायच्या.

एकदा ठरलेलं मोठं बटण वेळेवर आलं नाही. साहेबांनी बाजारातलं छोटं बटण बसवून माल तयार करवला. मॅडमनी रसवंतीवाल्याकडून बर्फ मागवला, बादलीत टॉर्च पुरून ठेवल्या, मग हातमोजे घातले. बटण काही दबेना.

"उघड्या हातानं पेटते ना? दिसायलाही तशीच आहे," साहेब वैतागले.

"हिरवा रंग फासला की फौजी होती व्हय? म्या सही करनार नाय."

"ट्रक दारात उभा आहे. तुमची बदली करावी लागेल."

"करा की!"

आणि बाई सरळ मालाच्या खोक्यावर बसल्या, डबा उघडला आणि भाकरी-ठेचा खाऊ लागल्या. ट्रक रिकामा परत गेला. मला तर शिट्टी मारावीशी वाटली.

पुढे बटणं बदलली, माल गेला. मॅडमची रवानगी मात्र गोदामात झाली, ती निवृत्तीपर्यंत. याचा मला आजही संताप येतो. त्यांना नाही यायचा. "कुनाची बोटं वाचली आसतील, तर खुर्ची गेली तर गेली," म्हणायच्या.

निरोपाच्या दिवशी त्यांनी हातमोजे माझ्या हातात कोंबले. "पोरी, आता तू नडायचं."

आता तपासणीची प्रमुख मी आहे. गेल्या आठवड्यात नव्या साहेबांनी कागद पुढे केला. "फक्त सेलचं झाकण बाजारातलं आहे. ट्रक थांबलाय, सही करून टाका."

मी हातमोजे चढवले. झाकण हलेना.

"साहेब, वर गुलमंडी हाय का?" म्हटलं, आणि खोक्यावर बसून डबा उघडला.