पाळण्यावरचा कॅमेरा

नोकरीत असताना लोकांवर संशय घ्यायचा पगार मिळायचा. निवृत्तीनंतर तेच काम फुकट करतो. आमच्या पिपरी मेघे गावात संध्याकाळी फिरून झालं की टपरीवर आम्ही तिघे बाप बसतो आणि आपापल्या पोरांवर संशय घेतो. रोज एक किस्सा जमतोच. पोरं आहेत तोवर माल कमी पडत नाही!

*

काळबांडे मास्तरांच्या मुलाला बारावीत गणितात पंच्याण्णव मार्क पडले. घरात पेढे आले आणि मास्तर गुणपडताळणीचा अर्ज घेऊन निघाले.

खिडकीवरचा बाबू म्हणाला, "किती वाढतील असं वाटते, काका?"

"वाढवाचे नाई गा. एवढे आले कसे, थे पाह्यचं हाय!"

*

गुलाबराव बोरगावला वांगी-टोमॅटो लावतात. शेताकडे कधी न फिरकणारा त्यांचा मुलगा एकाएकी रोज सकाळी शेतात जायला लागला. गुलाबरावांचा ऊर भरून आला. पण बापच तो, मागोमाग गेले.

"काऊन गा, मोटर चालू कराले आला?"

"करतो ना बाबा. पयले बाजूले सरका, रीलमंधी येऊन राह्यले!"

गुलाबराव सांगून हसले. मग चहात पाहत म्हणाले, "रीलमंधी बापाचे उपकार सांगते म्हणे. घरी काऊन नाई सांगत?"

*

माझी मुलगी नागपुरात नर्स आहे. बाळंतपणाची रजा संपली. बाळाला पाळणाघरात ठेवायचं की आमच्याकडे, हे ठरवायला तिने आमची आठ दिवसांची ट्रायल लावली. बाळ सोडलं आणि पाळण्याच्या वर भिंतीला मोबाइलवरून बोलता येणारा कॅमेरा ठोकला.

"आईवरही विश्वास नाही?" मी विचारलं.

"आईचं काम पाह्यलं आहे, बाबा. तुमचं कुठी पाह्यलं?"

स्टुलावर चढून मी कॅमेऱ्याचा कोन तपासला. त्यात पाळणा कमी आणि मीच जास्त!

*

नाइट ड्यूटीवरून आल्यावर झोपायचं सोडून ती मोबाइललाच डोळे लावून बसते, असं जावई सांगत. खोटं नव्हतं. एकदा भिंत ओरडली, "बाबा, त्याला अग्रलेख वाचून दाखवू नका!"

"पण झोपतो ना!"

टपरीवर हे सांगितलं, तर गुलाबराव म्हणाले, "पोरगी तुमच्यावरच गेली, भाऊ!"

मास्तरांनी भर घातली, "पोरगी होस्टेलवर होती तवा वॉर्डनले रोज फोन कोण करे?"

मीही हसलो. पण घरी येताना वाटलं, एवढ्या वर्षांनी बापाची नोकरी कन्फर्म झाली की नाही, हे विचारायचं कोणाला?

*

ट्रायलचा शेवटचा दिवस रविवार होता. बायको दळण आणायला गेली आणि बाळाने सूर लावला. उचललं, थोपटलं, खिडकीतली गाय दाखवली. काही उपयोग नाही. अंगाई एकही येत नव्हती. शेवटी पाळण्यात टाकून हलवत पाढे सुरू केले. बे एके बे, बे दुणे चार...

सोळाच्या पाढ्यापर्यंत बाळ गाढ झोपलं. भिंत मात्र गप्प. एकही सूचना नाही! मला संशय आला. पाढा थांबवून वर पाहत हळूच विचारलं, "काय गं, काही चुकलं का?"

भिंतीतून जावयांचा दबका आवाज आला.

"बाबा, थांबू नका. आत्ता कुठे झोपली ती."