छेरछेऱ्याची झोळी

आमच्या घरी फिनलंडची मुलगी वर्षभर राहायला येणार हे ठरलं, तेव्हा आईने एकच विचारलं, "पोट्टी वरण-भात खाईन ना?"

खायची. जवसाची चटणीही खायची, डोळ्यांतून पाणी वाहत असताना आणखी मागायची. पहिल्याच दिवशी तिने चपला दाराबाहेर काढल्या, तर आई मलाच म्हणाली, "पाय, त्याइच्यातबी घरात चपला नाही घालत. शीक काही."

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. दुकानांच्या पाट्यांवरचं म.प्र. खोडून छ.ग. रंगवणं चालू होतं. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय आलं होतं, आणि आमच्या बूढ़ापाऱ्यातून लाल दिव्याची गाडी गेली की सायकलवाले उतरून बघत राहायचे. बाबांचे एक डॉक्टर मित्र एका क्लबात होते. त्या क्लबाची अदलाबदलीची योजना होती. ती वर्षभर आमच्याकडे, मग मी वर्षभर तिच्या घरी. मात्र तिचं इथलं वर्ष माझ्याकडून काही चूक न होता पार पडलं तरच माझं जाणं. डॉक्टरकाकांनी आम्हा दोघींना समोर बसवून एक नियमही सांगितला होता. घरच्या माणसाशिवाय तिने कुठे जायचं नाही. घरचं माणूस म्हणजे बहुतेक वेळा मीच. दोघीही सोळा वर्षांच्या.

मी तिच्याकडे नुसती बघत राहायचे. तिला चुकण्याची लाज वाटायची नाही. वर्गात चुकीचं हिंदी बोलून सगळे हसले, की तीही हसायची आणि परत बोलायची. माझा जन्म रायपूरचा, पण घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि छत्तीसगढी फक्त भाजी घेताना, तीही आईच्या तोंडून. ही दिवाळीपर्यंत गल्लीतल्या बायांशी ओट्यावर बसून छत्तीसगढी बोलायला लागली. जेवायला ये म्हटलं की हो ऐवजी "हव." अंघोळीला जा, "हव." बाबा चिडवायचे, "ही फिनलंडची नाही, इथल्या अभनपूरची आहे. डॉक्टरनं फसवलं आपल्याला."

पौष पौर्णिमेला आमच्याकडे छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं. लहानमोठे सगळे झोळ्या घेऊन "छेरछेरा!" असं ओरडत दारोदार धान मागतात, आणि त्या दिवशी कोणी कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. आई दाराशी सुपात तांदूळ घेऊन बसायची. मी लहानपणी एकदा गल्लीतल्या मुलांबरोबर पिशवी घेऊन निघाले होते, तर तिने मनगट धरून आत ओढलं होतं. "देनं ठीक आहे. मांगनं आपल्यात नाही."

त्या सकाळी गल्लीतली मुलं आली. आमची पाहुणी आईच्या शेजारी उभी राहून बघत होती. सगळं कळल्यावर मला म्हणाली, "चल, आपणही."

"ते लहान मुलांचं असतं," मी म्हणाले.

"त्या आजी पण आहेत," ती म्हणाली. खरंच होत्या.

आईला सांगितलं, तलावाकडे फिरायला जातोय. बूढ़ा तालाबाच्या कोपऱ्यापर्यंत मी गेले. तिने गळ्यातली लोकरीची शाल काढून तिची झोळी केली होती. तेवढ्यात समोरून माझ्या वर्गातल्या दोघी स्कूटीवर आल्या. एकीने गाडी थांबवून विचारलं, "अरे, तू भी माँगने निकली है क्या?"

"नहीं रे, पागल है क्या," मी म्हणाले आणि त्या दोघींच्या मागे बसले. जाताना हिला सांगितलं, "तू जा. मी इथेच भेटते."

मी भेटले नाही. मैत्रिणीच्या घरी टीव्ही बघत बसले, आणि दुपारी एकटीच घरी आले. ती गल्लीत खेळतेय, असं आईला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिचा पत्ता नव्हता. बाबा जवळच्या पुरानी बस्तीच्या गल्ल्यांत शोधून आले. डॉक्टरकाका आले. आईने देवापुढे दिवा लावला, आणि पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

ती आली ती खांद्यावर फुगलेली शाल घेऊन. केसांत भुसा, नाक उन्हाने लाल. पुरानी बस्तीतून कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून छेरछेरा मागणाऱ्या सगळ्यांबरोबर अभनपूरच्या अलीकडे एका गावात गेली होती. इतका खुललेला चेहरा मी तोपर्यंत पाहिला नव्हता. नंतरही कधी पाहिला नाही.

डॉक्टरकाकांनी मला विचारलं, "तू साथ में थी ना बेटा?"

मी म्हणाले, "मला न सांगता गेली ती."

तिला तेवढं मराठी कळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरची झोळी सावकाश खाली ठेवली आणि म्हणाली, "हाँ. मैंने नहीं बताया."

दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या घरी हलवलं. पुन्हा असं झालं तर थेट परत, असंही बजावलं. सामान भरताना ती माझ्याशी एवढंच बोलली, "तुला माहितेय, मी कोण, कुठली, कोणीच विचारलं नाही. एका घरी फक्त म्हणाले, झोळी नीट धर, सांडेल."

माझ्याच गावात असं एक गाव होतं, आणि ते मला तिने सांगितलं.

पुढच्या वर्षी मी गेले. माझं सगळं नीट पार पडलं होतं ना! ती परत जाऊन तिच्या घरी होतीच. मला तिची खोली दिली आणि ती धाकट्या भावाच्या खोलीत झोपायची. सकाळी अंधारात शाळेत जायचं, दुपारी अंधारात परत यायचं. बर्फ पडताना आवाज होत नाही, हे मला तिथे कळलं. घरामागे तलाव होता, आपल्या बूढ़ा तालाबाच्या कितीतरी पट, आणि तो गोठल्यावर माणसं त्यावरून चालत पलीकडच्या दुकानात जायची. माझं पाऊल पडेना. तिने तीच शाल काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं धरून पुढे चालू लागली. मधे बर्फ कुठेतरी खोलवर करकरला. मी किंचाळले. ती मागे वळून म्हणाली, "हव, हव. असाच बोलतो तो." पलीकडे पोचेपर्यंत तिने टोक सोडलं नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने झोळीतून आणलेल्या त्या रायपुरी धानाची बरणी होती. एकदा जेवताना तिच्या आईने ती काढून माझ्या तळहातावर चार दाणे ठेवले. "तूही होतीस ना त्या दिवशी?"

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "होती ना. तलावापर्यंत झोळी हिनेच धरली होती."

मी हो म्हणून मान हलवली. घास गिळला. तिची आई माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती, की मला तिथून उठून बर्फात जावंसं वाटलं. गेले नाही. वर्षभर त्या घरचं जेवले.

इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आई तर त्या मुलीचं नाव निघालं की अजून म्हणायची, "चांगली होती, पन विचारून नाही गेली." यंदा पौष पौर्णिमेला आमच्या फ्लॅटच्या दारात मुलं येऊन गेली. सूप हातात घेऊन बसलेल्या आईला मी सगळं सांगून टाकलं.

आई बराच वेळ सुपातले तांदूळ चाळवत राहिली. मग म्हणाली, "म्हनजे त्या पोट्टीनं काहीच नाही केलं. आन मी तिले जाताना साधा डबाबी नाही देल्ला." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "फोन लाव."

पडद्यावर ती आली, चष्मा लावलेली, मागे खिडकीत अंधार. आईने सरळ विचारलं, "काहून नाही बोलली वो तू तवा?"

तिने प्रश्न समजून घेतला. हिंदी शोधायला तिला वेळ लागला. "आई, बोलती तो ये नहीं आती. इसको आना था ना हमारे घर."

तिला काय वाटलं कोण जाणे, आईच्या मांडीवरचं सूप तिला दिसलं असावं. ती एकदम मोठ्याने ओरडली, "छेरछेरा!"

आईचा हात सुपात गेला. मूठभर तांदूळ घेऊन ती फोनसमोर तशीच थांबली. मग माझ्याकडे वळली.

"आता हे टाकू कशात?"

मी ओढणी पसरली.